सुट्टीच्या घराचं देणं

वसईच्या पश्चिमेला, स्टेशन आणि समुद्र यांच्यामधल्या वाड्यांच्या पट्ट्यात आमची आळी आहे. आळीत अकरा घरं. त्यांतली चार मुंबईकरांची आहेत आणि वर्षातले दहा-अकरा महिने बंद असतात. दोन घरांच्या किल्ल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकतात. महिन्यातून एकदा आई जाऊन खिडक्या उघडते, नळ सोडते, कुठे वाळवी लागली का ते बघते. त्याचे पैसे मिळतात, वेळेवर मिळतात. मे महिना जवळ आला की फोन येतो, "ताई, शुक्रवारी रात्री पोचतोय आम्ही. पंप चालू करून ठेवाल ना?"

या घरांबद्दल आळीत दोन मतं आहेत. एक म्हणतं, त्यांची जमीन, त्यांचा पैसा, आपलं काय जातं? दुसरं म्हणतं, ही घरं म्हणजे वाडीला लागलेली कीड, आज चार आहेत, उद्या दहा होतील. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात, पण नुसतं तसं वाटून आता भागणार नाही. काका त्याच्या वाट्याची वाडी विकायच्या विचारात आहे, आणि विचारणा करणाऱ्यालाही तिथे सुट्टीचा बंगलाच बांधायचा आहे. त्यामुळे प्रश्न नीट मांडणं भाग आहे: सुट्टीपुरतं घर असण्यात काही चूक आहे का? असेल, तर नेमकी कशात?

एक महिना, तीन कामं

आधी त्या घरांतला दिवस कसा असतो ते सांगते, कारण चिडून लिहिलेल्या लेखांत तो कधी येत नाही.

मंडळी नऊला उठतात. ओटीवर चहा होतो. ताडगोळेवाला सायकलवरून येतो, त्याच्याकडून दोन डझन घेतले जातात आणि अर्धे तिथेच उभ्या उभ्या संपतात. दुपारी पंख्याखाली पत्ते. ऊन कलल्यावर राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावर. परतताना बोंबील, रात्री तव्यावर कुरकुरीत. मुलं सायकल शिकतात, केळफूल पहिल्यांदा हातात घेतात, विंचवाच्या भीतीने चपला झटकायला शिकतात. एरवी फोन खाली न ठेवणारा एक गृहस्थ आमच्या बावखलाच्या काठावर तास-दीड तास नुसता बसतो, खंड्या मासा कसा पकडतो ते बघत. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माणसाला हे मिळायला हवं.

तोच मे महिना आम्हाला आगोटीचा. मिरच्या वाळवायच्या, मसाला करून आणायचा, पापड, सुके बोंबील, जवळा भरून ठेवायचा, सरपण आत घ्यायचं, कौलं चाळून घ्यायची, वाडीतले पाट मोकळे करायचे. त्यात आळीत दोन-तीन लग्नं. अर्नाळ्याच्या कोळ्यांची घाई त्याहून मोठी, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे मेअखेरपर्यंत जे हाती लागेल त्यावर पुढचे दोन महिने काढायचे. वलांडीवर बोंबील वाळत असतात तेव्हा पर्यटक तिथे फोटो काढतात. फोटो छान येतात. पण मागे उभ्या बाईची नजर ढगांकडे असते, कारण एक अवकाळी सर आली की माल गेला.

तिसरी माणसं कोणाच्या फोटोत येत नाहीत. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडून, जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातून, आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे येतात, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वाड्यांमध्ये. पाऊस तोंडावर आला की भातशेतीसाठी परत जातात. आमच्या वाडीतही असं एक कुटुंब येतं. तिकडे डोंगरात त्यांचंही घर सहा-सात महिने बंद असतं. म्हणजे दोन घरं असणारी माणसं दोन प्रकारची. एक दुसऱ्या घरी विसाव्यासाठी येतं, दुसरं कामासाठी. कुलूप दोघंही लावतात. या तिघांचा मे महिना आमच्या आळीत दोनशे पावलांच्या आत घडतो.

बंद घर म्हणजे गुन्हा?

पहिला आक्षेप नेहमी हाच असतो. नालासोपाऱ्यात दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण राहतात आणि इथे चार खोल्यांचा बंगला ओस पडलेला. 2011च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आणि त्याच जनगणनेत देशभरातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की राग येतो. यायलाच हवा.

पण हा आक्षेप आमच्या आळीला लावला की अडखळतो. बंगला बंद नसता तर त्या खोलीतल्या सहाजणांना मिळाला असता असं नाही. आणि दुसरी अडचण आपल्याच घरात आहे. विरार-नालासोपाऱ्यात राहणाऱ्या हजारो कुटुंबांचं कोकणात घर आहे. तेही बंद असतं. शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात उघडतं. त्या घराला कोणी समाजविघातक म्हणत नाही. उलट ते विकलं तर हळहळ वाटते.

फ्रान्समध्येही असंच आहे. तिथे दहांतलं साधारण एक घर दुय्यम निवास आहे, सुट्टीपुरतं उघडणारं. त्यांतली बरीच घरं शेतकरी आजी-आजोबांकडून आलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं शहरात गेली आणि गावचं घर उन्हाळ्यापुरतं उरलं. काही घरं मात्र बाहेरच्यांनी, ब्रिटिशांनी, डचांनी, पॅरिसवाल्यांनी विकत घेतलेली. दाराला कुलूप दोन्हीकडे तेच.

मग चाकरमान्याचं बंद घर आणि बंगलेवाल्याचं बंद घर यांत फरक काय? वारसा हे उत्तर लगेच सुचतं, पण ते पुरेसं नाही. वारसाने मिळालेलं घरही कोणी निर्विकारपणे पडू देतो. फरक मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. चाकरमानी गावाला बांधील असतो. पालखी कोणाच्या दारी आधी थांबणार यावर तो भांडतो. देवळाच्या कौलांची वर्गणी त्याच्या नावावर निघते, नाही दिली तर पुढच्या मे महिन्यात चारचौघांत विचारणा होते. तो तिथे नसला तरी गावाला त्याला जाब विचारता येतो. घर बंद आहे, माणूस बंद नाही.

म्हणजे चूक कुलपात नाही. ती असेल, तर जाब विचारता न येण्यात आहे.

कोणाच्या जिवावर विश्रांती

दुसरा आक्षेप: ते आराम करतात आणि आपण राबतो.

ॲरिस्टॉटल म्हणतो की आपण उसंत मिळावी म्हणून काम करतो. विचार, मैत्री, चांगलं जगणं हे सगळं त्या उसंतीत घडतं. मला हे पटतं. पण त्याच्या अथेन्समध्ये ती उसंत गुलामांच्या कष्टांवर उभी होती, आणि त्याने गुलामगिरीचं समर्थनही केलं. म्हणून त्याच्यापुढचा प्रश्न आपल्याला विचारावा लागतो: सगळ्यांना उसंत मिळेल अशी व्यवस्था करता येते का?

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कामगारांनी विचारला. पॉल लाफार्ग या फ्रेंच समाजवाद्याने 1880 साली आळसाच्या हक्कावर पुस्तिकाच लिहिली आणि दिवसाला तीन तास काम पुरे, असं म्हटलं. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना संघटित केलं आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. फ्रान्समध्ये 1936च्या संपांनंतर कायदा झाला आणि कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात अनेक कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

रविवारी सकाळी वसई स्टेशनवर उतरून रिक्षाने किनाऱ्याकडे जाणारी पोरं लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी वापरत असतात. त्यांना आळशी म्हणणं मला जमत नाही. पण त्याच रविवारी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणाऱ्या बाईची सुट्टी कधी असते? मंगळवारी मिळत असेल तर हिशोब बरोबर. कोणत्याच वारी मिळत नसेल, तर आपली उसंत अथेन्सच्या वाटेवर आहे.

इथे मला एक साधी कसोटी सापडते. माझी विश्रांती दुसऱ्याच्या कामावर चालते, यात आपोआप अन्याय होत नाही. डॉक्टर सुट्टीवर गेली तर दुसरी डॉक्टर काम करतेच. फक्त ते फिरतं हवं. आज तिने माझ्यासाठी काम केलं, उद्या तिच्याही विश्रांतीसाठी कोणीतरी काम करणार असेल, तर ठीक. बंगल्यात मे महिनाभर भांडी घासणाऱ्या मावशींना त्या महिन्यात चार दिवस सुट्टी आणि त्या दिवसांचा पगार मिळतो का? आमच्या आळीतल्या चारांपैकी एका घरात मिळतो. तिथल्या आजी म्हणतात, "आम्ही सुट्टीला आलो म्हणून तिची सुट्टी का जावी?" त्यांनी ॲरिस्टॉटल वाचला आहे की नाही, ठाऊक नाही.

किमतीत न बसलेलं पाणी

तिसरी गोष्ट पाण्याची. खरी गाठ इथे आहे असं मला वाटतं.

ज्यांना बावखल माहीत नाही त्यांच्यासाठी: वसईच्या वाड्यांमध्ये खोदलेली छोटी तळी असतात, त्यांना आम्ही बावखल म्हणतो. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना गोडं ठेवतं. त्याच पाण्यावर केळी, पानवेली, भाजी, मोगरा, सोनचाफा पिकत आला. पूर्वी पाणी रहाटाने काढत. बैल दमला की उपसा थांबे. मग पंप आला. पंप दमत नाही. किनाऱ्याजवळच्या जमिनीतून गोडं पाणी जितकं मुरतं त्याहून जास्त उपसलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, आणि विहीर एकदा मचूळ झाली की सहजासहजी परत फिरत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं, ते बेसुमार बांधकाम आणि या पट्ट्याचं हिरवेपण या प्रश्नावर. त्यावेळी लढणारे लोक स्थानिक होते. पण जमिनी विकणारे आणि विहिरीचं पाणी टँकरवाल्याला देणारेही स्थानिकच होते. हे विसरून लिहिलं तर लेख खोटा होईल.

आता सुट्टीच्या घराकडे बघा. ते घर वर्षभर पाणी घेत नाही, हे खरं. पण घेतं ते मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हा. वीस पाहुणे, दोन बाथरूम, हिरवळ, कुठे छोटा स्विमिंग पूल. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी भरून मंडळी जातात. पाणी मचूळ झालंय हे ज्याला कळतं तो वर्षभर तिथे राहणारा असतो. ज्याच्या उपशाने ते झालं त्याला बातमीही पोचत नाही. यात त्याचा दुष्टपणा नाही. मात्र त्याला कळेल अशी सोय त्या घराच्या रचनेतच नाही.

यावर बंगलेवाला म्हणेल, मी जमिनीची पूर्ण किंमत दिली, घरपट्टी भरतो, माळ्याला पगार देतो, आता आणखी काय? हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: किंमत दिली ती सातबाऱ्यावर लिहिलेल्या जमिनीची. शेजारच्या विहिरीतलं पाणी कधी विकायला नव्हतंच. ते विकण्याचा अधिकार तुम्हाला जमीन विकणाऱ्यालाही नव्हता. त्यामुळे त्याचं देणं व्यवहार पूर्ण झाल्यावरही उरतं.

आमच्या आळीत एक जुना रिवाज आहे. बावखलाचं पाणी ज्याच्या वाडीला जातं, त्याने मे महिन्यात गाळ काढायला यायचं. येता येत नसेल तर माणूस पाठवायचा. आजी अजून हिशोब ठेवते, कोण आलं, कोण आलं नाही. गेल्या वर्षी बंगल्यातले ते खंड्या बघणारे गृहस्थ घमेलं घेऊन उतरले. तासाभरात दमले, पण उतरले. आजीने त्यांचं नाव लिहिलं. त्या दिवसापासून आळीतली माणसं त्यांना "बंगल्यातले" म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात. आणि हिरवळीला पाणी जास्त चाललंय हे त्यांना तोंडावर सांगताही येतं.

मूळचे कोण, हा प्रश्न नको

इथे एक वाट चुकवणारी आहे, ती बंद करते. "हे बाहेरचे, आम्ही मूळचे" असं म्हणून सगळं सोपं करता येतं. पण वसईत तो दावा जपून करावा. सोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर, अशोकाचे लेख तिथे सापडले. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तिथल्या स्तूपाचं उत्खनन केलं. पोर्तुगीज दोनशे वर्षं राहिले, 1739 साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. गेल्या चाळीस वर्षांत मुंबईत घर न परवडणारे लाखो लोक विरारपर्यंत आले. इथे प्रत्येकजण कधीतरी आलेला आहे. कोण आधी आलं यावरून हक्क ठरवायला बसलो तर शेवटी मोखाड्याचं कुटुंब आपल्याला हिशोब विचारेल, आणि तो आपल्याला झेपणार नाही.

कायद्याने काही करता येतं का? इतर देशांनी प्रयत्न केलेत. स्वित्झर्लंडने 2012 साली सार्वमत घेऊन ठरवलं की कोणत्याही गावात सुट्टीच्या घरांचं प्रमाण 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको. वेल्समध्ये 2023 पासून स्थानिक परिषदांना अशा घरांवर 300 टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. फ्रान्समध्ये घरांची टंचाई असलेल्या भागांत 60 टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. आपल्याकडे दिशा उलटी आहे. 2019च्या अर्थसंकल्पापासून दुसरं घरही स्वतःच्या वापरातलं मानून त्याच्या काल्पनिक भाड्यावर प्राप्तिकर लागत नाही. कर लावावा की नाही यावर वाद होऊ शकतो. पण कराने पैसा गोळा होतो, गाळ निघतोच असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या मर्यादेने संख्या थांबते, शेजार तयार होत नाही. कायदा हवा, पण त्याने हा प्रश्न संपत नाही.

काकाचा प्रश्न

मी हे सगळं काकाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वाडी कोण करणार?"

त्याचे गुडघे गेलेत. केळीचा भाव आणि मजुरीचा हिशोब जुळत नाही. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे. मी अंधेरीला नोकरी करते, सकाळी सव्वासातची गाडी पकडते, रात्री साडेनऊला घरात शिरते. वसईतल्या घरात मी उजेडात असते ती रविवारी. "तूही सुट्टीपुरतीच येतेस की," काका म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो वस्तुस्थिती सांगत होता, आणि माझ्याच कसोटीने ती तपासायला हवी.

तपासली तर असं दिसतं की किती दिवस राहिलात यावर काही ठरत नाही. मी थोडी राहते, पण मे महिन्यातले दोन रविवार गाळ काढते, आजीच्या वहीत माझं नाव आहे, आणि चुकले तर आळी मला विचारते. बंगलेवालाही हे करू शकतो. एकाने केलंही. आणि वर्षभर राहणारा एखादा शेजारी बावखल बुजवून पार्किंग करू शकतो. म्हणून मला वाटतं, सुट्टीच्या घराचं देणं तीन गोष्टींत मोजता येईल: आपल्या विश्रांतीसाठी जे राबतात त्यांना त्यांची सुट्टी, जे पाणी आपण घेतो त्याच्या राखणीतला वाटा, आणि शेजाऱ्याला आपल्याला जाब विचारता येईल इतकी ओळख. एवढं देणारा माणूस दहा दिवस राहिला तरी त्याचं घर आळीतलं. न देणारा बारमाही राहिला तरी उपरा.

पण या उत्तरानेही काकाचे गुडघे बरे होत नाहीत, कर्ज फिटत नाही. जमीन विकू नको असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू? बावखल वाचावं ही इच्छा माझी, त्याची किंमत मात्र त्याने मोजायची, हेही एक प्रकारे दुसऱ्याच्या जिवावर सुट्टी घेणंच.

म्हणून आमच्यात सध्या जे बोलणं चाललंय ते असं आहे. काकाने वाडी विकायची, पण बावखल आणि त्याच्या भोवतालची पट्टी व्यवहारातून वगळायची. खरेदीदाराला ती पट्टी गाड्या लावायला हवी होती, त्यामुळे तो किंमत कमी करतोय. जो फरक पडेल त्यातला अर्धा मी पाच वर्षांत हप्त्याने काकाला देणार. उरलेला अर्धा आळीतल्या ज्या घरांना त्या पाण्याचा उपयोग होतो त्यांनी वाटून घ्यायचा. सात घरांना विचारलंय, त्यांत दोन बंगले आहेत. तीन घरांनी होकार दिला. त्यांतला एक होकार घमेलं घेऊन उतरलेल्या त्या गृहस्थांचा. एकाने उलट विचारलं, पावती मिळेल का? बाकीच्यांचं उत्तर यायचंय. खरेदीदाराने पावसापर्यंत मुदत दिली आहे.